आरोग्य-संवाद : गोरेपणाचे मलम आणि दंडाआतला रंग

प्रश्न : आमच्या भागात वर्षभरात तीन 'स्किन क्लिनिक' सुरू झाली. पाट्यांवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'स्किन एक्स्पर्ट' असे शब्द दिसतात. त्वचारोगतज्ज्ञ नेमके कोणाला म्हणावे? आपले स्वतःचे शिक्षण कसे झाले, हेही वाचायला आवडेल.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : एम.बी.बी.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाल्यावर त्वचारोग या विषयात एम.डी. किंवा डी.एन.बी. (एम.डी.च्या तोडीची पदवी) केलेले, अथवा त्याच विषयाची पदव्युत्तर पदविका घेतलेले डॉक्टर हे त्वचारोगतज्ज्ञ होत. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या शब्दावरून यांपैकी काहीच कळत नाही. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लिहिणे बंधनकारक आहे. तो पाहावा, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नावाची खात्री करून घ्यावी. विचारायला संकोच वाटू देऊ नका, कारण हा तुमचा हक्क आहे.

माझ्या एम.डी.च्या विषयाचे पूर्ण नाव त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे आहे. यातला शेवटचा शब्द अनेकांना ठाऊक नसतो, परंतु माझी नजर घडली ती त्यामुळेच. शासकीय रुग्णालयात शिकत असताना आमचे सर प्रत्येक फिकट चट्ट्यावर कापसाची बारीक वात टेकवायला लावत. रुग्णाने डोळे मिटायचे आणि जिथे स्पर्श जाणवेल तिथे बोट ठेवायचे. चट्ट्याला स्पर्श होऊनही बोट उचलले गेले नाही, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन कोपरामागची नस जाड झाली आहे का, हे चाचपून पाहायचे. औषध लिहिण्याआधी हाताने आणि डोळ्यांनी नीट तपासावे, ही सवय तिथे लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. रंग उजळावा म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने औषधाच्या दुकानातून एक क्रीम आणले व वर्षभर रोज लावले. सुरुवातीला चेहरा छान उजळला. आता मात्र दोन दिवस खंड पडला तरी चेहरा लाल होतो, आग होते आणि पुरळ येते. उन्हात तर उभे राहवत नाही. काय करावे?
— एक आई, हडपसर, पुणे

उत्तर : ताई, आपण वर्णन केलेली लक्षणे मी आठवड्यातून अनेकदा पाहते, आणि दर वेळी वाईट वाटते, कारण हा त्रास टाळता येण्यासारखा असतो. ट्यूबवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. अशा क्रीममध्ये बहुधा हायड्रोक्विनोन (रंग फिकट करणारे औषध) आणि ट्रेटिनॉइन ('अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध) हेही असते. वांगावर हे मिश्रण डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरतात. रोजचे सौंदर्यप्रसाधन म्हणून ते कधीच नव्हते. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा आधी उजळ भासतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक लाल रेषा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवताच आकसलेल्या वाहिन्या पुन्हा रुंदावून चेहरा पेटल्यासारखा होतो. ती आग शमावी म्हणून मुलगी पुन्हा तेच क्रीम लावते आणि या चक्रात अडकत जाते.

तिला रागावू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्या, म्हणजे स्टेरॉइड एकदम थांबवायचे की सौम्य करत आणायचे, हे त्यांना ठरवता येईल. दरम्यान फेशियल, ब्लीच, लिंबू, हळद, बेसन असे काहीही चेहऱ्याला लावू नये. सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच पुरे. माझ्याकडे पहिल्या भेटीत अनेकदा मी नवे काही लिहून देत नाही, उलट घरातल्या निम्म्या बाटल्या बाजूला काढायला सांगते. पालकांना वाटते, डॉक्टरांनी काही दिलेच नाही. परंतु बिघडलेल्या त्वचेला सावरायला काही महिने द्यावे लागतात.

आणि एक गोष्ट तिला आरशासमोर दाखवा. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन क्वचितच लागते, म्हणून तिथला रंग तिचा जन्माचा रंग. उन्हाने काळवंडलेला चेहरा काळजी घेतल्यास त्या रंगापर्यंत परत येऊ शकतो. त्याहून उजळ करून देण्याचे वचन जो देईल, त्याच्याकडे जाऊ नये. तिच्या त्या रंगात उणे काहीच नाही, हे तिने आईच्या तोंडून ऐकायला हवे.

प्रश्न : दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधल्यावर सनस्क्रीनची गरज आहे का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : आहे. घट्ट विणीचा सुती स्कार्फ उपयोगी पडतो, परंतु कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच राहतो. एसपीएफ (ऊन अडवण्याची क्षमता सांगणारा आकडा) ३० चे सनस्क्रीन योग्य प्रमाणात लावल्यास सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडतात. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधल्या बोटावर टोकापर्यंत दोन रेघा निघतील इतके घ्यावे. बहुतेकजणी याच्या निम्मेही लावत नाहीत. स्कार्फ मात्र रोज धुवावा. पावसाळ्यात ओलाच स्कार्फ डिकीत कोंबून दुसऱ्या दिवशी बांधल्याने हनुवटीवर पुटकुळ्या आलेल्या अनेक मुली माझ्याकडे येतात.