ॲप कुठलंही घ्या, आधी चकरा कमी करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. इंदूरमध्येच नोकरी विजयनगरला, घर सुदामानगरला, दोन मुलांच्या शाळा, त्यात सासूबाईंची फॅमिली पेन्शन अडकलेली, पहाटे पाचला उठूनही दिवस पुरत नाही, तर वेळेचं नियोजन करायला कुठलं ॲप घेऊ, असं तुम्ही विचारलंय. ॲपची नावं बाकीच्यांनी दिलीच आहेत. रोजची यादी करा, रात्रीच दप्तरं भरा, मोबाइल लांब ठेवा हे मी लिहीत नाही, ते तुम्ही करतच असणार. मला तुमची एकच ओळ टोचली, "परत हाफ डे टाकून गेले आणि परत सांगितलं अजून एक कागद आणा". तुमचा वेळ तिथे जातोय ताई. पाचच्या ऐवजी चारला उठलात तरी तो परत येणार नाही.

हे इतक्या खात्रीने लिहितेय कारण माझ्या आईचं अगदी हेच झालं. बाबा रिटायर्ड सरकारी नोकर, ते गेले, पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) आईचं नाव होतं, म्हणजे बँकेत मृत्यूचा दाखला आणि अर्ज दिला की पेन्शन तिच्या नावावर सुरू व्हायला हवी होती. पण पीपीओत तिच्या नावापुढे कोणीतरी "बाई" जोडलेलं आणि आधारवर नुसतं नाव, जन्मतारीखही जुळेना, म्हणून बँकेने दुरुस्तीसाठी बाबांच्या विभागाच्या ऑफिसला पाठवलं. ऑफिसचं नाव घेत नाही, इंदूरचंच आहे एवढं पुरे.

तिथे खिडकीवर दर वेळी एकच कागद सांगायचे. शपथपत्र आणा. नेलं, तर म्हणाले हे नोटरी केलेलं नाही. नोटरी करून नेलं, तर म्हणाले साक्षीदारांचे आधार कुठे आहेत. आधार नेले, तर साहेब दौऱ्यावर. मी हात जोडून म्हटलं की काय काय लागतं ते एकदा कागदावर लिहून द्या, मी सगळं एकत्र आणते, तर उत्तर काय, "मॅडम, आप लेके तो आइए, फिर देखते हैं". दर चकरेला माझी अर्धी रजा जायची, गुडघे धरलेली आई जिन्यात बसून असायची कारण वर बसायला खुर्ची नाही, आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी ओरिजिनल पीपीओ आणि मृत्यूचा दाखला "फाइल में लगाना है" म्हणून ठेवून घेतला, पावती मागितली तर म्हणाले इसकी पावती नहीं होती. मग त्या बाबूंची बदली झाली आणि नवीन बाबू म्हणाले असा काही कागद इथे आलेलाच नाही. आवक रजिस्टरमध्ये आमची नोंदच नव्हती! सगळं पहिल्यापासून. तोपर्यंत आईची एफडी मुदतीआधी मोडून घर चालवलं, व्याज बुडालं ते वेगळंच. मला आजही त्या खिडकीचा राग येतो आणि तो यावाच, कारण म्हाताऱ्या विधवा बाईला एक पूर्ण यादी लिहून देणं ही काही फार मोठी मागणी नव्हती.

यातून रस्ता दाखवला रामबागेतल्या एका काकांनी, ते अकाउंट्समधून रिटायर झालेले. ते म्हणाले खिडकीवर बोलायचंच नाही, कागदाने बोलायचं. अर्ज दोन प्रतींत करायचा, खाली जोडलेल्या प्रत्येक कागदाची नंबर घालून यादी, ओरिजिनल द्यायचं नाही, फक्त दाखवायचं आणि स्वतः सही केलेली झेरॉक्स द्यायची, आणि शेवटी एक ओळ लिहायची, "आणखी कागदपत्रे आवश्यक असल्यास ती सर्व एकाच वेळी लेखी कळवावीत" (इथे अर्थात हिंदीत लिहायचं). अर्ज आवक शाखेत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर सील, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही. घेतलंच नाही तर पोस्टाने पाठवायचा. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तर स्पीड पोस्ट करा आणि पोच मागून घ्या.

तरी हललं नाही तर माहितीचा अधिकार, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तक्रारीचा सूर लावू नका, इतकंच विचारा की अमुक आवक नंबरच्या माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली, सध्या तो कोणाच्या टेबलावर आहे, आणि कोणता कागद कमी आहे. आमच्याकडे या प्रश्नांनंतरच आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण यादी लेखी मिळाली. राज्य सरकारचं ऑफिस असेल तर 181 वर सीएम हेल्पलाइन आहेच, आणि मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायची बैठक) असते तिथेही त्याच सीलवाल्या प्रतीची झेरॉक्स घेऊन जाता येतं. उलट साधं काम असेल तर मंगळवारी जाऊ नका, बरेच साहेब जनसुनवाईतच असतात. आणि लोकसेवा केंद्रातून होणारी कामं (मूळ निवासी, उत्पन्नाचा दाखला वगैरे) तिथूनच करा, मध्य प्रदेशात 2010 पासून लोकसेवा गॅरंटीचा कायदा आहे, पावतीवर काम कधीपर्यंत होणार ती तारीख छापून येते आणि ती टळली तर अपील करता येतं. पेन्शनच्या प्रत्येक कामाला हे लागू होईल असं नाही, आधी विचारून घ्या. मी वकील नाही, सीए नाही, शाळेत शिकवते, जे भोगलं त्यावरून सांगतेय.

आता घरातल्या व्यवस्थेबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तो होता. माझं स्पष्ट मत आहे की शेवटची तारीख लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही, काम सुरू करायची तारीख लिहायची. रिमाइंडर शेवटच्या दिवशी वाजला की तुम्ही लाइनीत, सर्व्हर डाऊन, आणि रजा गेली. पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू होतो, आणि कितीतरी देश सहा महिने वैधता शिल्लक नसेल तर येऊच देत नाहीत, मग लिहायची ती वर्षभर आधीची तारीख. ड्रायव्हिंग लायसन्सचंही तसंच, संपायच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष अर्ज चालतो, त्याच्या पुढे गेलात तर परत टेस्ट. मुलांच्या आधारचं बायोमेट्रिक 5 आणि 15 वर्षं झाली की अपडेट करावं लागतं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीत उरका, ऐन परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी नको. सासूबाईंची पेन्शन सुरू झाली की दर नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्र, ते आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं, पोस्टमनही घरी येऊन करतो, त्यांना बँकेत नेऊन उभं करू नका. केंद्राच्या पेन्शनरांना 80 वर्षं पूर्ण झाली की ऑक्टोबरपासूनच देता येतं. पीएफवाली पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा संबंध नाही, दिल्या दिवसापासून बारा महिने चालतं.

हे सगळं मी भिंतीवरच्या साध्या कॅलेंडरवर लिहिते, स्वयंपाकघरात, म्हणजे नवऱ्याला आणि मुलांनाही दिसतं. फोनमधली यादी फक्त तुम्हाला दिसते आणि मग सगळी कामं तुमचीच होतात, हे मला फार चुकीचं वाटतं. तुमच्या पोस्टमध्ये मिस्टरांचा उल्लेखच नाही, म्हणून आगाऊपणा करून विचारते, पेन्शन त्यांच्या आईची आहे तर निम्म्या चकरा त्यांनी का मारू नयेत? राग मानू नका.

कॅलेंडरवर आपल्या गावच्या सुट्ट्याही हाताने लिहा. रंगपंचमीला इथे लोकल हॉलिडे असतो आणि गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याच्या बाजूला जायची सोय नसते, अनंत चतुर्दशीला झांक्यांमुळे (देखाव्यांच्या मिरवणुकीमुळे) संध्याकाळपासून रस्ते बंद, बाहेरच्या ॲपला यातलं काही माहीत नसतं. बँका दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद, हे माहीत असूनही लोक जाऊन येतात.

अजून एक, आणि हे आपल्या मराठी घरांत जास्त लागतं. एका कोऱ्या कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आधार, पॅन, पासबुक, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नंबर), पीपीओ यांत कसं कसं लिहिलंय ते शेजारी शेजारी उतरवा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, मधे नवऱ्याचं नाव येतं, इथल्या हिंदी फॉर्मवर काळेचं काले होतं, बाई जोडतात नाहीतर काढतात. जिथे जुळत नाही ते काम पडायच्या आधी, निवांत असताना दुरुस्त करून घ्या. आमचं सगळं रामायण त्या एका "बाई"मुळे झालं, आणि बाबा होते तेव्हा त्यांच्या एका अर्जावर ते झालं असतं. खजुरी बाजारात कप्प्यांच्या फाइली स्वस्त मिळतात, माणशी एक घ्या, आणि सीलवाल्या प्रतींना वेगळी. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती आत्ताच काढून ठेवा, बँक, विमा, गॅस, लाइट बिल सगळे मागतात.

पहिलं काम म्हणजे या आठवड्यात खिडकीवर जाऊ नका, अर्ज टाइप करा. आणि सासूबाईंची पेन्शन राज्याची, केंद्राची की पीएफची ते इथे लिहा, कारण 181 राज्यासाठीच चालतं, केंद्राच्या पेन्शनरांची तक्रार सीपेनग्राम्स या ऑनलाइन पोर्टलवर होते आणि पीएफची त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर. राज्याची असेल तर माझ्या अर्जाचा हिंदी मसुदा आहे, नावं खोडून पाठवते.