सूत्रकृमीचा गर्भ दुपटीवरच का अडकतो?

तुम्ही विचारलंय, पेशींबाहेरची प्रथिनं म्हणजे गोंदच असेल, तर एखादं प्रथिन नसताना सी. एलेगन्स या सूत्रकृमीच्या गर्भातल्या पेशी सुट्या का होत नाहीत? गर्भ दुप्पट लांबीवरच का थांबतो?

गोंद डोक्यातून काढा. तंबूचे ताणाचे दोर आणि खुंट्या डोळ्यांपुढे आणा. दोर निसटलाय हे वारा सुटेपर्यंत कळत नाही. इथे वारा म्हणजे स्नायूंचं आकुंचन.

गर्भ अंड्यातच सुमारे चौपट लांब होतो. सुरुवातीची लांबी मुख्यतः त्वचापेशींच्या आवळण्याने मिळते. दुपटीच्या जरा आधी स्नायू हलू लागतात आणि पुढची लांबी त्यांच्या ओढीवर अवलंबून असते. स्नायूच्या आतले तंतू इंटिग्रिनला (पेशीच्या पृष्ठभागावरचं, आत-बाहेर जोडणारं प्रथिन), इंटिग्रिन बाहेरच्या आधारपटलाला (पेशींबाहेरच्या प्रथिनांचा पातळ थर), पटल त्वचापेशीला आणि त्वचापेशी अंगावरच्या बाहेरच्या आवरणाला बांधलेली. ही साखळी कुठेही तुटली की ओढ पोचत नाही. विल्यम्स आणि वॉटरस्टन यांनी १९९४ मध्ये असे दुपटीवर लुळे पडून थांबणारे गर्भ तपशीलवार मांडले, त्यांना 'पॅट' (Pat, 'paralyzed, arrested at two-fold' म्हणजे लुळे पडून दुपटीवर थांबलेले) म्हणतात.

आता खरी गंमत. पटलातली सगळी प्रथिनं सारख्या कामाची नाहीत. लॅमिनिन पाया घालतं. ते बिघडलं तर पटल नीट जमत नाही, पेशी हद्द ओलांडून शेजारच्या ऊतीत घुसतात. कोलॅजेन-४ नसलं तरी पटल तयार होतं, पण स्नायू ओढू लागले की फाटतं. म्हणजे त्याचं काम जोडण्यापेक्षा ताण झेलण्याचं. निडोजेन पूर्ण काढून टाकलं तरी कृमी जगतो, पिल्लंही देतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत चारही प्रथिनं एकाच आकाराची काढलेली असतात, त्यामुळे हा फरक दिसतच नाही.

उरलं चौथं, पर्लिकॅन, म्हणजे 'अंक-५२' (unc-52) जनुकाचं प्रथिन. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ते पूर्ण नसेल तर स्नायूपेशी असतात, इंटिग्रिनही असतं, पण इंटिग्रिन स्नायूपेशीच्या पृष्ठभागावर विखुरलेलं राहतं. तंतूंना धरायला खुंटी उभीच राहत नाही. म्हणून पेशी सुट्या न होता नुसत्या लुळ्या पडतात. हे पर्लिकॅन बहुतांशी त्वचापेशी बनवतात, तर कोलॅजेन-४ मुख्यतः स्नायू, म्हणजे दोर एकाचा, खुंटी दुसऱ्याची.

अंक-५२ चे सौम्य उत्परिवर्तही (या जनुकात थोडासाच बिघाड असलेले कृमी) आहेत. एकाच जनुकाच्या संदेशाचे तुकडे वेगवेगळे जोडून पर्लिकॅनची अनेक रूपं बनतात, आणि या प्राण्यांत त्यातली काहीच हरवलेली असतात. त्यामुळे गर्भ सुखरूप बाहेर येतो, पिल्लू व्यवस्थित सरपटतं. प्रौढ झाल्यावर मात्र धडातले स्नायू आतून सुटत जातात, डोकं वळवळत राहतं आणि मागचं अंग तसंच पडून राहतं.