झोन बावीसचा आवाज सगळ्यांना हवा असतो

प्रश्न : काका नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहते, अंबडला जॉब करते. मागच्या वर्षी हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स मिळालं, कॉलसाइन (स्टेशनची ओळख) व्हीयू थ्रीचा. ऑक्टोबरमध्ये सीक्यू वर्ल्डवाइड एसएसबी कॉन्टेस्टला, म्हणजे माइकवर बोलून जगभरची स्टेशनं गाठायच्या स्पर्धेला बसले, शनिवारी सकाळी एका मोठ्या स्टेशनला वीस मिनिटं ओरडून ओरडून कॉल केला पण त्याने एकदाही घेतलं नाही, शेवटी रडू यायला लागलं आणि सेट बंद केला. गच्चीवर साधा डायपोल (तारेचा अँटेना), पॉवर कमी, इंग्लिश पण जेमतेम. यंदा बसू का नको?

उत्तर : बस, नक्की बस! या कॉन्टेस्टमध्ये जगाचे ४० झोन असतात, आपण २२ मध्ये, सोबत श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव. एवढ्या भागातून माइकवर येणारी स्टेशनं युरोप किंवा जपानच्या मानाने फार थोडी. आणि स्कोअर कसा होतो बघ, प्रत्येक बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, जेवढे नवे झोन नि नवे देश मिळतील त्यांच्या बेरजेने, म्हणजे गुणकाने, पॉइंटना गुणायचं, म्हणजे इटलीतल्या माणसाला तू एकटी सापडलीस तरी त्याचा गुणक दोनने वाढू शकतो. त्याला पाहिजे ती गोष्ट तुझ्याकडे आहे गं, हे डोक्यात ठेवून माइक उचल.

शनिवारी चुकलं कुठे ते सांगतो. कॉन्टेस्ट आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० ला सुरू होते आणि सोमवारी त्याच वेळी संपते, ४८ तास. पहिले काही तास सगळे ताजेतवाने असतात, मोठ्या स्टेशनवर शंभर जण एकदम तुटून पडतात, त्यात कमी पॉवरचा आवाज दबणारच. तीन-चार कॉलमध्ये घेतलं नाही तर फ्रिक्वेन्सी मेमरीत टाक आणि पुढे सरक, तासाभराने परत ये. रविवारी संध्याकाळी तेच स्टेशन सीक्यू सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' करून दमलेलं असतं, कोणी नवीन येतंय का म्हणून कान लावून बसलेलं असतं, तेव्हा तू पहिल्या हाकेत जाशील. आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्या सुमारास वीस मीटरच्या बँडवर युरोप चांगला येतो. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनचे ३ पॉइंट आणि आशियातल्या दुसऱ्या देशाचा १, त्यामुळे संध्याकाळ युरोपसाठी मोकळी ठेव, जपान सकाळी पंधरा किंवा दहा मीटरवर बघ. भारतातल्या स्टेशनला पॉइंट शून्य पण गुणक मिळतो, म्हणून प्रत्येक बँडवर एकाला तरी घे.

इंग्लिशची तर काळजीच सोड. तो सीक्यू म्हणून थांबला की फक्त स्वतःचा कॉलसाइन एकदा, सावकाश, व्हिक्टर युनिफॉर्म थ्री आणि पुढची अक्षरं. त्याने तुझा कॉलसाइन बरोबर म्हटला की 'फाइव्ह नाइन टू टू' (५९ म्हणजे आवाज छान येतोय, २२ आपला झोन), झालं, तो थँक यू म्हणतो आणि पुढे जातो. हवापाण्याच्या गप्पा इथे नाहीत. त्याने अर्धाच कॉल ऐकला आणि ती अक्षरं तुझी नसतील तर गप्प बसायचं, हे फार महत्त्वाचं आहे, कारण तो दुसऱ्या कुणाला तरी शोधतोय आणि तू बोललीस तर दोघांचंही जातं. आणि ओरडू नकोस, माइक गेन वाढवला की आवाज फाटतो नि कॉलसाइन उलट कमी कळतो.

एक गोष्ट अनुभवाची. ही कॉन्टेस्ट ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण वीकेंडला, म्हणजे बऱ्याचदा दिवाळीच्या आगेमागेच. एका वर्षी गंगापूर रोडला आमच्या समोरच्या गॅलरीत एलईडीच्या माळा लागल्या आणि सेटवरचं सिग्नलची ताकद दाखवणारं मीटर एस सेव्हनच्या खाली येईना, नुसती खरखर. शेवटी जाऊन वहिनींना सांगितलं की रेडिओवर परदेशातली माणसं ऐकायचीयेत, त्या म्हणाल्या अहो मग आधी सांगायचं ना, आणि सात ते आठ माळ बंद ठेवली. खरखर एस टूवर आली, त्या एका तासात १९ क्यूएसओ (संपर्क) झाले, फिनलंडच्या एकाचा आवाज तर इतका बारीक होता की माळ चालू असती तर तो आहे हेच कळलं नसतं. त्यामुळे आधी स्वतःच्या घरातले चार्जर, एलईडी, वायफायचा अडॅप्टर एकेक बंद करून मीटरकडे बघ, मग शेजारी जा.

प्रश्न : डायपोल किती लांब ठेवू?

उत्तर : वीस मीटरसाठी पूर्ण लांबी साधारण १० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. थोडी जास्तच ठेव, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) बघत बघत काप, कापलेली वायर परत जोडत बसायला वैताग येतो. टोकं पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून लांब बांध.

आणि लॉग, म्हणजे झालेल्या संपर्कांची यादी, आयोजकांना पाठवायचाच, दहा कॉन्टॅक्ट झाले तरी. कॉन्टेस्ट संपल्यापासून पाच दिवसांची मुदत असते, कॉम्प्युटरवर एनवनएमएम लॉगर फुकट मिळतो, तो पाठवायची कॅब्रिलो फाइल आपोआप काढून देतो. तुझ्या लॉगमुळे समोरच्याचीही नोंद पडताळता येते. रविवारी संध्याकाळी मीही वीस मीटरवर असेन, ऐकू आलीस तर गुणकासाठी पहिला तुलाच घेतो.