जबड्याच्या ऑपरेशननंतर सांध्याचा आकार बदलणं नॉर्मल आहे का?

खालचा जबडा पुढे घेऊन आठ महिने झाले, नव्या स्कॅनमध्ये सांध्याचा आकार बदललेला दिसतोय, कानाजवळ कट् वाजतं, तर घाबरायचं का, असं तुम्ही विचारलंय. आकार थोडाफार बदलणारच. जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून दातांचा भाग पुढे सरकवतात, पण प्लेट-स्क्रू लावताना सांध्याकडचा तुकडाही किंचित फिरतो. मग कॉन्डाईलवर, म्हणजे जबड्याच्या सांध्यात बसणाऱ्या गोल टोकावर, जोर वेगळ्या जागी पडतो आणि हाड एकीकडे झिजतं, दुसरीकडे भरतं. बहुतेकांचं हे वर्षभरात उरकतं, पत्ताही लागत नाही.

माझं तसं झालं नाही. ऑपरेशनला वर्ष होत आलं असताना दादर स्टेशनबाहेर सँडविच खात होते, तर काकडीची अख्खी चकती ब्रेडमधून सरकून बाहेर आली. दाढा टेकत होत्या, पण पुढच्या दातांत फट! ऑर्थोडॉन्टिस्टने (दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरने) तोंडात डोकावून पहिलं वाक्य टाकलं, "रबर लावत नाहीस ना?" अहो, डोंबिवलीहून लेडीज डब्यात चेंगरत, दातओठ बंद ठेवून, बँकेत कस्टमरशी दातातल्या दातात बोलत मी वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणून लावायची ती रबरं लावली होती. जेवण सोडून कधी काढली नाहीत. पण सोबत आत्या होती. झालं! त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, बारशात तिचं एकच पालुपद, "एवढा पैसा ओतला, पण पोरीने रबरं लावली नाहीत."

शेवटी दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी ऑपरेशनआधीचा, लगेच नंतरचा आणि ताजा, असे तिन्ही सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे थ्रीडी स्कॅन, शेजारी-शेजारी उघडले. दोन्ही कॉन्डाईल वरून चपटी, बसकी झालेली. तिथली उंची गेली की जबडा खाली-मागे फिरतो, हनुवटी मागे जाते, पुढे फट पडते. रबर दात ओढतं, झिजलेलं हाड परत आणत नाही. आणि रबर लावलं नाही म्हणून कोणाचं कॉन्डाईल झिजत नाही. आत्याला स्कॅन दाखवला तर म्हणाली, "कॉम्प्युटरात काय, काहीही दिसतं."

तरुण मुली, आधीच बारीक कॉन्डाईल, खालच्या जबड्याचा उतार जास्त, जबडा बराच पुढे आणलेला: अशांना हा धोका जास्त असतो. माझ्यात सगळंच होतं. आधीपासून सांधा दुखतो हेही केसपेपरवर लिहिलेलं होतं, तरी मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. जबड्याची ही उभी चीर १९५०च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात आहे, सांधा झिजू शकतो हे काही काल कळलेलं नाही.

म्हणून, जुन्या स्कॅनच्या फाइल्स क्लिनिककडून मागून घ्या. रिपोर्टचा कागद नको, फाइल्स. एकट्या ताज्या स्कॅनवरून कोणी निदान सांगत असेल तर उठून या. आरशात पुढचे दात पूर्वीसारखे मिटतात का बघा. मिटत असतील तर बहुतेक नुसती जुळवाजुळव चाललीय. फट वाढत असेल तर संधिवाताच्या रक्ततपासण्याही करून घ्या, आणि झीज थांबल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनला हो म्हणू नका. माझी थांबली, पण थांबेपर्यंत रात्री दातांवर बसवायचं स्प्लिंट आणि मऊ भात एवढंच हातात होतं. आणि रबरांवरून कोणी बोललं, तर गप्प बसू नका.

हां, आवाजाचं राहिलंच. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, बाइट (दात मिटण्याची ठेवण) तोच असेल, तर नुसत्या कट् आवाजाचं फार मनावर घेऊ नका, तो बहुधा सांध्यातल्या डिस्कचा, म्हणजे हाडांमधल्या चकतीचा असतो. तोंड अडकायला लागलं तर मात्र इथे उत्तरं वाचत बसू नका, सर्जनला गाठा. मी डॉक्टर नाही, बँकेत कॅश काउंटरवर आहे.