चपला एकाच कप्प्यात

"आमच्या गुरुद्वाऱ्यात दोन पार्ट्या झाल्यात. पापा एकीकडे, तायाजी दुसरीकडे. मी कुणाचा? आणि जायचंच सोडलं तर मी शीख राहतो का?"

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात समुपदेशन करायला लागल्यापासून हा प्रश्न किती वेळा ऐकला, मोजलं नाही. विचारणारी मुलं अठरा ते पंचविशीतली. मी नांदेडची, शिखांचा हजूर साहिब गुरुद्वारा आहे तिथली. 'आंटी हजूर साहिबकडच्या आहेत' एवढ्या ओळखीवर ती निम्मी मोकळी होतात. त्यांतल्याच एकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बोलणं इंग्रजी आणि पंजाबीत झालं, इथं ते मराठीत आणलंय.

मुलगा वीस वर्षांचा. आजोबांनी फाउंड्रीतल्या पगारातून पैसे बाजूला काढून चारचौघांबरोबर तो गुरुद्वारा उभा केलेला. आता तिथं निवडणूक. सभासदांच्या यादीत कुणाची नावं घुसवली, गोलकीचा, म्हणजे दानपेटीचा, हिशोब कोण बघणार, ग्रंथपाठ करणारा ग्रंथी कुणाच्या मर्जीतला, यावरून भर दिवाणात, म्हणजे संगत बसलेली असताना, आरडाओरडा झाला आणि पोलीस बोलवावे लागले. पापा आणि तायाजी, सख्खे भाऊ, त्या दिवसापासून बोलत नाहीत. मुलाची झोप गेली, परीक्षा बुडाली.

पहिल्या भेटींमध्ये तो कोण बरोबर आणि कोण चूक हेच सांगत राहिला. पुरावेही दाखवायचा, व्हॉट्सअॅपवर आलेले व्हिडिओ. मी एकही पाहिला नाही. त्याला ते आवडलं नाही.

"गुरुद्वाऱ्यात गेलास की कुठं असतोस?" एकदा विचारलं.

"जोडाघरात. चपला-बूट लावण्याची सेवा करतो."

मला वाटलं, लपतोय. तसं बोलूनही दाखवलं. तो हसला.

"नाही आंटी. पापांचे आणि तायाजींचे बूट मी ओळखतो. दोघांचे एकाच कप्प्यात ठेवतो. म्हणजे निघताना समोरासमोर येतील."

"आले कधी?"

"दोनदा. पापा तसेच मोजे घालून बाहेर उभे राहिले, तायाजी जाईपर्यंत."

इतक्या वर्षांत भरपूर ऐकलंय, पण त्या दिवशी घशात आवंढा आला. सहा महिने हे पोर दर रविवारी दोन जोड बूट शेजारी शेजारी लावत होतं आणि समेट झाला नाही की घरी येऊन स्वतःला दोष देत होतं.

"पुढच्या रविवारी वेगळ्या कप्प्यांत ठेवलेस तर?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. या शांततेला धक्का लावायचा नसतो, हे मी फार उशिरा शिकले.

"मग ते भेटणारच नाहीत."

"मग?"

"मग..." त्याचे डोळे भरले. "मग ते त्यांचं."

माझं मत पक्कं आहे: दोघांचं भांडण पेलवेनासं झालं की घर तिसरा खांदा शोधतं, आणि तो बहुधा सगळ्यांत मायाळू पोराचा असतो. म्हणून 'मी कुणाचा' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. कमिटीचं भांडण, घरातलं भांडण आणि तुझं गुरूशी नातं, या तीन गोष्टींची गाठ आधी सोडवायला लावते.

कमिटीचं म्हणाल, तर इथले बहुतेक गुरुद्वारे नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत. मोठ्या संस्थांचे हिशोब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. घटना वाचा, नियमात बसत असेल तर स्वतः सभासद व्हा. बापाची पार्टी वारशात घ्यायलाच हवी असं नाही. व्हिडिओ पुढे पाठवू नका. धमक्या येत असतील तर मात्र समुपदेशकाआधी पोलीस.

भांडण मर्यादेवरून, म्हणजे धार्मिक रीतीवरून असेल, तर ते तुमच्या पिढीनं सुरू केलेलं नाही हे ध्यानात ठेवा. लंगर टेबल-खुर्चीवर घ्यायचा की जमिनीवर, यावरून कॅनडातल्या सरे इथं 1997 मध्ये हाणामारी झाली, 1998 मध्ये अकाल तख्ताला, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाला, जमिनीवरच बसण्याचा हुकूमनामा म्हणजे धर्मादेश काढावा लागला. आमच्या नांदेडात गुरू ग्रंथ साहिबबरोबर दशम ग्रंथ या दुसऱ्या ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही विधिपूर्वक उघडून ठेवतात; अमृतसरला तसं होत नाही. तरी पंजाबातून आलेले यात्रेकरू तिथल्या पंगतीत मांडी घालून बसतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

आणि जाणं थांबलं तर? काही मुलं काही महिने विद्यापीठातल्या शीख सोसायटीत कीर्तनाला बसतात, काही घरीच नितनेम, म्हणजे रोजचा प्रार्थनापाठ, करतात. नांदेडातच 1708 मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिलं. कमिटीला नाही, हे मी जरा ठासूनच सांगते.

आईवडिलांना एकच विनंती: गुरुद्वाऱ्यातून आलेल्या मुलाला "तो काय म्हणाला?" असं विचारू नका. जेवलास का, विचारा.

शेवटच्या भेटीत मी बुटांची चौकशी केली.

"जोडाघर सोडलं. आता लंगरात भांडी घासतो. तिथं इतका खणखणाट असतो, की कोण कुणाला काय म्हणालं ते ऐकूच येत नाही."

"आणि पापा, तायाजी?"

"अजून बोलत नाहीत," तो म्हणाला आणि परीक्षेची तारीख सांगायला लागला.