हात तुटू देऊ नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वास्कोच्या कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी सोडून दोन वर्षे क्रूझवर काढावीत, घराचे कर्ज फेडावे आणि मग पुन्हा वेल्डिंग धरावे, हा तुझा बेत वाचला. कर्जाची निकड मला कळते, पण 'मग पुन्हा' हे पटत नाही. हात तुटला, म्हणजे कामाची सवय मोडली, की तो तसाच परत मिळत नाही.

तुला पाणबुड्या बांधायच्या आहेत ना, मग त्यांचाच इतिहास पाहा. १९८१ च्या करारानुसार 'शिशुमार' आणि 'शंकुश' जर्मनीतील कील येथे बांधल्या गेल्या आणि १९८६ मध्ये नौदलात आल्या. पुढच्या दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये झाल्या: 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये. पाण्याखाली दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. अडीचशे मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे पंचवीस किलो भार येतो, आणि प्रेशर हलचे, म्हणजे दाब झेलणाऱ्या आतल्या पोलादी कवचाचे, एखादे गोल कडे गोलाईत जरा चुकले तरी त्याची ताकद घटते. असे जोड घालणारी माणसे आपल्याकडे तयार झाली होती. मात्र त्या कराराभोवती दलालीच्या आरोपांचा वाद उठला आणि पाचवी-सहावी पाणबुडी बारगळली. त्यानंतर स्कॉर्पीन या फ्रेंच आराखड्याच्या पाणबुड्यांसाठी माझगावात पोलाद कापले गेले ते थेट डिसेंबर २००६ मध्ये. तोवर कोणी निवृत्त झाले होते, कोणी आखातात गेले होते. पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. उशिराला सामग्रीच्या खरेदीचीही कारणे होती, हे मी नाकारत नाही. पण हात बसल्यावर 'करंज' आणि 'वेला' एकाच वर्षी, २०२१ मध्ये आल्या, याचा अर्थ तूच लाव.

तुझी दोन वर्षे याहून वेगळी नाहीत. वेल्डरने एखादी प्रक्रिया सहा महिने वापरली नाही, तर त्याची पात्रता संपते, असे वेल्डिंगच्या नियमसंहितेतच लिहिले आहे. हे तुला वर्गात शिकवले असणारच, तरीही विचारतोस!

मला आखातातून बोलावणे आले, तेव्हा मी मांडवीवरच्या खनिजवाहू बार्जांच्या तळात पालथा पडून जोड घालत राहिलो. सख्ख्या भावाने वेड्यात काढले. त्याचे घर आज माझ्या घरापेक्षा मोठे आहे, असू दे. मुलीला पुण्याला शिकायला पाठवता आले नाही, ही खंत मात्र जात नाही. तरीही जोड तपासण्याच्या एक्स-रे फिल्मवर माझा जोड स्वच्छ निघत राहिला, कारण मी हात तुटू दिला नाही. आणि हे केवळ हट्टापायी केले असे ज्यांना वाटते, त्यांनी खुशाल तसे म्हणावे.

बँकेकडून हप्त्याची मुदत वाढवून मिळते का, ते या आठवड्यातच विचार. आणि जाणारच असशील, तर इंजिन खात्यात फिटर-वेल्डरची जागा मिळव. ताटे उचलायला जाऊ नकोस.