पावसाळ्यानंतरचा गोल्फचा पहिला राउंड आपल्यापेक्षा सरस जोडीदाराबरोबर कसा खेळावा?

तुमच्यासारखा मीही सोलापूरचाच. पावसाळाभर क्लबला (गोल्फच्या काठीला) हात लागलेला नाही, जोडीदार सरस आहे आणि स्कोअरकार्डाची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मग एकूण स्ट्रोक (फटके) मोजूच नका, मॅचप्ले खेळा, म्हणजे प्रत्येक होल वेगळा जिंकायचा किंवा हरायचा.

मी आणि दाजी दर हंगाम असाच सुरू करतो. हस्ताचा पाऊस सरला की पहाटे अंधारात गाडी काढायची, टेंभुर्णी, इंदापूर करत पुणं गाठायचं. अडीचशे किलोमीटर जाऊन तिसऱ्याच होलवर दहा स्ट्रोक पडले, तर पुढचा राउंड तोंड पाडून कोण चालणार? मॅचप्लेमध्ये त्या दहाची किंमत एकच होल. पुढच्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) पाटी कोरी.

दाजींचा हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी स्ट्रोकची सूट) १६, माझा २४. फरक ८, म्हणून कार्डावर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ८ असलेल्या होलवर मला एकेका स्ट्रोकची सूट मिळते. तिथं त्यांचे पाच आणि माझे सहा झाले की होल बरोबरीत. तेव्हा दाजींचा चेहरा बघण्यासारखा असतो! शिवाय हातभर पट (होलजवळचा घरंगळता फटका) उरला की समोरचा "दिला" म्हणतो, बॉल उचलायचा. स्ट्रोकप्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, ही सोय नाही. (सकाळी दाजी फार उदार असतात. सामना अटीतटीचा झाला की वीतभर पटसुद्धा मारायला लावतात.)

जमीन ओली असेल तेव्हा दोन नियम ध्यानात ठेवा. फेअरवेवर (कापलेल्या गवतावर) किंवा रफमध्ये (वाढलेल्या गवतात) बॉल पडल्या जागीच रुतला, तर दंड नाही. काढा, पुसा, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करा. साचलेल्या पाण्यातूनही तशीच सुटका मिळते, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) मात्र नियम वेगळा. रफ माजलेलं असतं आणि बॉल शोधायला ३ मिनिटंच मिळतात. २०१९ च्या आधी ५ मिळायची. म्हणून जोडीदाराचा बॉल कुठं पडतो तेही बघत जा, तोही तुमचा बघेल.

बॅगेला आपला सोलापुरी टॉवेल अडकवा, एक कोपरा ओला करून. ऑक्टोबरचं ऊन नवव्या होलपासून चावायला लागतं, तेव्हा पाणी भरपूर, आणि कडक भाकरी-शेंगाचटणी हवीच.

सरावाला मोकळं मैदान पुरे. वीस-पंचवीस पावलांवर जुनी चादर अंथरा आणि वेजनं (आखूड, उंच फटक्याच्या क्लबनं) तिच्यावर बॉल टाकत राहा. ड्रायव्हरचं (लांब फटक्याच्या क्लबचं) नंतर बघू. पहिल्या राउंडला होल जातात ते ग्रीनच्या (होलभोवतीच्या हिरवळीच्या) आसपासच.